दहा मिनिटं थांब

निळी एस्टीम विकताना शेखरनं कुलदीपला गाडीची एकूण एक खोड सांगितली. फक्त एक सांगायची राहून गेली.

गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाला वीज पोचवणारी काडेपेटीएवढी काळी डबी असते, तिला रिले म्हणतात. ती डॅशबोर्डच्या मागं शेखरनं स्वतःच्या हातानं बसवली होती. ऊन चढलं की तिच्यातला एक जोड तापून सुटायचा आणि गाडी चालता चालता मरायची. दहा मिनिटांत जोड थंड व्हायचा, मग गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. नवी डबी कुठल्याही दुकानात मिळत होती. बदलायला पाव तास पुरला असता. आज बदलू, उद्या बदलू यात दोन उन्हाळे गेले होते, आणि विकण्याच्या दिवशी तो ते सांगायला खरोखरच विसरला.

विकायचं कारण पाठ. एस्टीम त्यानं चार बोटं खाली उतरवली होती, स्प्रिंगा कडक टाकल्या होत्या, सायलेन्सरचा आतला डबा काढून सरळ नळी बसवली होती. बारा वर्षांनी डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, गाडी ठेवा नाहीतर पाठ ठेवा.

गाडी गेली तसा दिवस मोठा झाला. भाऊ किशोर नांदगाव खंडेश्वरच्या वावरातून झेंडू आणि निशिगंध पाठवायचा. शेखर तो अमरावतीच्या फुलबाजारात विकायचा आणि नऊ वाजेपर्यंत मोकळा व्हायचा. आई पार्बताबाई वारल्यापासून घरात दुसरं कोणी नव्हतं. पूर्वी नऊनंतर तो गाडीखाली असायचा.

मार्चच्या शेवटी कुलदीपचा पहिला फोन आला. हा अकोल्याच्या जठारपेठेतला, घरच्या साड्यांच्या दुकानात बसणारा सत्तावीस वर्षांचा माणूस.

"भाऊ, गाडी बंद पडली. चालूच होत नाही."

शेखरला लगेच कळलं. रिले म्हणायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, तो म्हणाला, "दहा मिनिटं थांब. दारं उघडी ठेव, आत हवा खेळू दे."

"बरं," कुलदीप म्हणाला. मग थांबायचंच होतं म्हणून त्यानं विचारलं, "जेवले का?"

"भात टाकला हाय."

"नुसता भात?"

दहा मिनिटं अशी गेली. गाडी सुरू झाली. आठवड्यानं पुन्हा फोन. मग चार दिवसांनी. दुकानातली गिऱ्हाइकं, वडिलांचा तापट स्वभाव, नळाचं पाणी, सगळं त्या दहा मिनिटांत यायचं. बायकोला, चंदाला, दिवस गेल्याचं कुलदीपनं आपल्या वडिलांच्या आधी शेखरला सांगितलं, पातूरच्या रस्त्यावर बंद गाडीला टेकून. एकूण अकरा फोन झाले. दुपार झाली की शेखर फोन चार्जिंगला लावून जवळ घेऊन बसायचा.

अकरावा फोन मे महिन्यातला. गाडी बोरगाव मंजूजवळ उन्हात उभी, आणि आत चंदा.

"दहा मिनिटं थांब," शेखर म्हणाला.

मागून चंदाचा आवाज आला. "एवढ्या उन्हात? त्याहीले इचारा न एकदा, हे थांबन तरी कधी?"

"ठेवतो भाऊ," कुलदीप म्हणाला. दहा मिनिटं भरायच्या आत फोन ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी शेखरनं नवा रिले आणला आणि टेबलावर ठेवला. फोन मात्र लावला नाही. तीन आठवडे गेले, तिकडूनही आला नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठकीला जाऊ, तिथं कुलदीप भेटेल, डबी त्याच्या हातात देऊ, खरं काय ते सांगू. मग तो फोन करो की न करो.

गाड्यावाल्यांची बैठक पहिल्या रविवारी सकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे, बंद पडलेल्या वजनकाट्याच्या आवारात भरायची. अमरावतीवाल्यांना आणि अकोलावाल्यांना सारखंच पडावं म्हणून ती जागा. त्या दिवशी शेखर फुलबाजाराला सुट्टी द्यायचा. बॉनेट उघडायची, एकमेकांच्या कामाला नावं ठेवायची, दहाला पांगायचं. आणि एक खेळ ठरलेला. आधी आलेल्यांनी रस्त्याकडे पाठ करून कठड्यावर बसायचं आणि येणारी गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायची. चुकला त्यानं समोरच्या ढाब्यावरून सगळ्यांचा चहा आणायचा. बारा वर्षांत शेखरनं दोनदाच चहा आणला होता.

"कशानं आला बे?" बडनेऱ्याच्या ओमप्रकाशनं विचारलं.

"लाल गाडीनं. पंचेचाळीस सीटर."

"सायलेन्सर ओरिजिनल हाय का?"

"नाही. डायवरनं मॉडिफाय केला."

कठड्यावर हशा पिकला. अकोल्यात ट्यूनिंगचं गॅरेज चालवणारा देवमनही हसला, पण त्यानं शेखरकडे पाहिलं नाही.

शेखर पाठ करून बसला. एक स्विफ्ट त्यानं वळणावरच ओळखली, वर तिच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेल्याचंही सांगितलं. मग जीप. मग मोर्शीची जुनी होंडा सिटी. खिशातली डबी मांडीला टोचत होती. तो एस्टीमच्या आवाजाची वाट पाहत होता. सरळ नळीचा तो फाटका, चढा आवाज त्यानं रेल्वे फाटकापलीकडून ओळखला असता.

अकोल्याकडून एक गाडी आली. आवाज खालचा, गोल, दबलेला.

"हा नवीन कोणीतरी हाय," शेखर म्हणाला. "होंडा असन."

मग ओमप्रकाश इतका हसला की कठड्यावरून उतरला. शेखरनं वळून पाहिलं. निळी एस्टीम आत येत होती. बॉनेटवर डावीकडे त्याच्याच पान्याचा ओरखडा होता.

"जा राजा," ओमप्रकाश म्हणाला. "सात कप. माहा बिनसाखरेचा."

तो चहा घेऊन रस्ता ओलांडत होता तेव्हा कुलदीप समोर आला आणि त्यानं ट्रे धरला.

"सायलेन्सर बदलला?" शेखरनं विचारलं.

"डबा टाकून घेतला. चंदाले आवाज सोसत नाही आता." दोघं रस्त्याच्या कडेला थांबले. "वायरिंगबी बदललं. देवमनभाऊनं. दोन मिनिटांत डबी काढून हातावर ठेवली. म्हणे, हे काम शेखरच्या हातचं हाय, त्याले माहीत नसन असं होऊच शकत नाही." कुलदीप ट्रेकडे पाहत होता. "तुमाले माहीत होतं?"

बसमध्ये शेखरनं बरीच वाक्यं जुळवली होती. ती त्यानं तशीच सोडून दिली.

"हो. पहिल्या फोनपासून."

"मग काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू फोन काहून केला असता?"

एक ट्रक गेला. कपांतला चहा हलला.

"केला असता न, भाऊ," कुलदीप म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तसाबी केला असता. त्या दिवशी चंदा रस्त्यावर ओकून राहिली होती, अन् मी तिले सांगून राहिलो, शेखरभाऊ म्हणते तं दहा मिनिटांत होते."

शेखरनं खिशातून नवी डबी काढली. कुलदीपनं ती पाहिली. त्याचे दोन्ही हात ट्रेवर होते.

"आता नाही लागत," तो म्हणाला. "चला, चहा थंडा होते."

नंतर सगळे एस्टीमच्या उघड्या बॉनेटभोवती जमले. कुलदीप नवं वायरिंग दाखवत होता. शेखरही दुसऱ्या रांगेत उभं राहून पाहत होता. काम स्वच्छ होतं. त्यानं देवमनला तसं सांगितलं. देवमन म्हणाला, "हूं."

नऊला तो निघाला. कोणी तरी म्हणालं, सोडून देऊ का फाट्यापर्यंत. त्यानं पाठीकडे बोट दाखवलं आणि चालत गेला.

फाट्यावर तो अमरावतीच्या बाजूला बससाठी उभा होता. तासाभरानं गाड्या एकेक करून सुटू लागल्या. सवयीनं त्यानं रस्त्याकडे पाठ केली. स्विफ्ट गेली, बेअरिंग तसंच. जीप गेली. मग आवारातून तो खालचा, गोल आवाज निघाला आणि अकोल्याच्या दिशेनं वळला. तिसऱ्या गिअरला तो किंचित घोगरा होत होता, चौथ्याला पुन्हा साफ. हॉर्न वाजला नाही. शेखरनं डोळे मिटले आणि तो आवाज फाटकापलीकडे विरेपर्यंत ऐकला, एकदाच ऐकून पाठ करायचा असावा तसा.

बस येऊन थांबली तरी तो वळला नाही. कंडक्टरनं दार आपटलं.

"ओ दादा. यायचं हाय का उभंच राहायचं हाय?"