कमलबाईच्या तोंडून निघालेलं भाडं

हळदीच्या हंगामात वसमतला पांढरं कुत्रं शोधून सापडत नाही. चहा पिवळा, रुमाल पिवळा, पोलिसाची शिट्टीसुद्धा पिवळी वाजते. एका नवरदेवाला तर म्हणे हळद लावायची गरजच पडली नाही. एस्टीतून उतरून मांडवापर्यंत चालत आला, तेवढ्यात काम झालं. खोटं वाटत असेल तर मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, विचारा. त्याच मोंढ्यामागच्या भीमनगरच्या गल्लीत मात्र एक घर असं होतं, की तिथे हळदीची धूळ शिरायची, पण 'भाडं' हा शब्द शिरत नव्हता.

घर कमलबाईचं. तिचा नवरा कोंडीबा हयात असताना कुणीतरी त्याला रागाच्या भरात 'भाडखाऊ' म्हणालं. कोंडीबाने त्या माणसाला वसमतहून पार कुरुंद्यापर्यंत पळवलं. मधे दोघांनाही दम लागला म्हणून एका टपरीवर चहा घेतला, आणि कप खाली ठेवून पुन्हा पळायला लागले. घरी आल्यावर कोंडीबाने फर्मान काढलं, "आजपासून ह्या घरात भाड्याचं नाव निघनार न्हाई."

पुढे कोंडीबा गेला. पोटासाठी कमलबाईने मागची खोली दिली, पण नवऱ्याचा शब्द काही मोडला नाही. दर महिन्याला हातावर जे पडायचं, त्याला ती 'मीठमिरची' म्हणायची.

त्या खोलीत धुरपताबाई राहत होती. डोंगरकड्याकडच्या तांड्यावरची बाई. नवरा वारला, तांड्यावरचं घर दिराच्या वाट्याला गेलं, तेव्हापासून वसमतला हळद निवडायला. निराधाराचे पैसे लागू झाले होते, पण यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. काम निम्म्यावर आलं आणि मीठमिरची थकली. तशात व्यापारी गुलाबचंद रोज दारावरून जाताना विचारायचा, "कमलबाई, मागची खोली गोदामाला देता का?"

"पाडव्यापर्यंत बघते," कमलबाई म्हणायची. मग धुरपताबाईकडे न बघता पुटपुटायची, "माहं बी पोट हाय, धुरपता. काय करू?"

धुरपताबाईला ते समजत होतं. म्हणूनच तिची झोप उडाली होती. खोली गेली तर जायचं कुठं? दिराच्या ओसरीवर? त्यापेक्षा मोंढ्यातल्या पोत्यावर बसून राहिलेलं बरं.

अशात एके दिवशी कमलबाईचा भाचा धम्मानंद धावत आला. त्याचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं. "मावशी, निराधाराचे पैसे घेणाऱ्यांना सरकार खोलीच्या मीठमिरचीलाबी मदत करून राहिलं. फकस्त नातेवाइकाच्या घरात राहत नसावं. मॅडम येऊन चौकशी करतीन, ते घरमालकानं सोताच्या तोंडानं सांगावं लागतं."

"कमलबाई माही कुठली नातेवाईक?" धुरपताबाई म्हणाली. "ती भीमनगरातली, मी तांड्यावरली. भर बाबा अर्ज."

आठ दिवसांनी चौकशीला सपना मॅडम आल्या. नवी नोकरी, नवी स्कूटी, आणि चेहऱ्यावर ताज्या हळदीचा थर. ओसरीवर बसून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ह्या तुमच्या भाडेकरू का?"

कमलबाईने दोन्ही कानांना हात लावले. "तोबा तोबा! भाडेकरू काहून म्हनता? बहीन हाय ती माही."

"म्हणजे भाडं घेत नाही तुम्ही?"

"आमी तसले लोक न्हाई, मॅडम! माह्या मालकानं आयुष्यात कधी भाडं खाल्लं न्हाई, न् म्या बी खानार न्हाई!"

धुरपताबाई मागून हातवारे करत होती. मॅडमना वाटलं, माशा हाकलते आहे. त्यांनी लिहिलं: 'अर्जदार बहिणीकडे राहते. भाडे नाही. अपात्र.' आणि स्कूटीला किक मारली.

धम्मानंदने शेरा वाचला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, एक शब्द बोलायचा होता! एक!"

"तुह्या काकानं बंद केलेला शब्द हाय त्यो."

"काका ऐकायला येनार हाय का आता?"

"त्यो आला न्हाई तरी म्या हाय ना!"

शेवटी धम्मानंदने फेरतपासणीचा अर्ज टाकला. पाडव्याला आठ दिवस उरले होते. आणि त्या दिवसापासून कमलबाईची शाळा भरली. धुरपताबाई मास्तरीण.

"म्हना, भा."

"भा."

"डं."

"ख्खॉक्!" कमलबाईला ठसका लागायचा. तीन दिवसांत असले ठसके लागले की शेजारपाजारचे लोक मिरच्या कुणी भाजल्या म्हणून विचारायला यायचे. एकदा तर पुढच्या गल्लीतला डॉक्टर आपणहून आला आणि फुकट औषध देऊन गेला.

चौथ्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. "बोला. खोली कशावर दिलीय?"

कमलबाईने पदर सावरला, डोळे मिटले, छाती भरून घेतली. "मॅडम, ही बाई माही... माही..." घाम फुटला. "म्हंजे मी तिच्याकडून दर म्हैन्याला... मीठमिरची घेते."

"मीठमिरची?"

"व्हय. थोडीथोडी."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. धुरपताबाईने ते पाहिलं. पेन कागदाला टेकलं की खोली गेली. गुलाबचंद समोरच्या ओट्यावर उभाच होता, जणू पोती गाडीतून उतरवायचीच बाकी होती. आता शिकवत बसायला वेळ नव्हता, आणि कमलबाईला धुरपताबाईइतकं कोण ओळखत होतं?

"जाऊ द्या मॅडम," ती मोठ्यानं म्हणाली. "नका विचारू तिला. फुकट ठेवलंय तिनं मला. आता फुकटाच्या खोलीला काय नाव ठेवायचं? पत्रा गळतो, मोरी तुंबते, दाराची कडी हातात येते. धर्मादाय खोली हाय, चालायचंच."

कमलबाईने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"काय म्हनलीस?"

"धर्मादाय म्हनलं."

"फुकट? माही खोली फुकट?" कमलबाई उठून उभी राहिली. "अगं ए धुरपते! नवी मोरी कुनी बांधली? भिंतीला रंग कुनी दिला? लाइटाचं मीटर कुनाच्या नावानं हाय? फुकट म्हनती मला! भाडं घेते म्या, भाडं! रोकडं भाडं! दर म्हैन्याच्या भाड्याची खोली हाय ती, अन् ही बाई भाडेकरू हाय माही! ऐका रे समदे! भाडेकरू!"

सगळा मोंढा क्षणभर थांबला. बोली लावणारे व्यापारी आकडा विसरले, हमालाच्या पाठीवरचं पोतं तिथंच राहिलं. तिकडे कुरुंद्यात तो पळालेला माणूस जिथं असेल तिथं नक्की दचकला असेल.

"म्हणजे घरमालकीण तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"मंग काय तुमी?"

"आणि ह्या बहीण नाहीत?"

"असली बहीन वैऱ्याला बी नको!"

मॅडमच्या ओठांवर हसू फुटलं. त्या लिहीत गेल्या: 'अर्जदार भाडेकरू असल्याची खात्री झाली. संपूर्ण गल्ली साक्षीदार. पात्र.' मग जराशा थांबून त्यांनी खाली भर घातली: 'घरमालकिणीने पत्रा दुरुस्त करावा.'

स्कूटी वळणाआड गेल्यावर कमलबाई पायरीवर मटकन बसली. तोंडावर हात ठेवला. "धुरपता... म्या काय बोलून बसले?"

"बराबर बोललीस, बाई," धुरपताबाई तिच्या शेजारी टेकली, आणि तिचे डोळे भरून आले. "लई बराबर."

"न् तू मला फुकटी म्हनलीस!"

"तुला न्हाई, खोलीला म्हनलं."

"खोलीला म्हन न्हाई तर मला म्हन, एकच ते." कमलबाईने तिच्या गुडघ्यावर एक चापट मारली, मग दुखरा गुडघा आहे हे आठवून तिथंच हात फिरवत बसली. "आता कोंडीबाला काय सांगू?"

"सांग, तुह्या बायकोनं भाडं खाल्लं न्हाई. नुस्तं तोंडातून बाहेर काढलं."

कमलबाईला इतकं हसू आलं की पुन्हा ठसका लागला. पण हा ठसका वेगळा होता. ह्याला डॉक्टर लागत नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मंजुरीचा निरोप धम्मानंदच्या मोबाइलवर आला. तो सांगून जातो न जातो, तोच गुलाबचंद दारात उभा. "काय ठरलं, कमलबाई? उद्या पोती आनू?"

"न्हाई जमनार, शेठ," ओसरीवरून आवाज आला, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल इतका. "खोली भाड्यानं दिलीय!"

आत चटईवर पडलेल्या धुरपताबाईने ते ऐकलं आणि पाय लांब केले. किती दिवसांनी! आणि तिला अशी झोप लागली, अशी घोरायला लागली ती, की हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू झाला असं समजून तीन हमाल पोती घेऊन त्या दारात रांगेला लागले.