मी सुरी सोडली नाही

मी एक जुने म्यान आहे, मित्रांनो, आणि मनात डूख धरून आहे. तुम्ही म्हणाल, वस्तूने असे बोलू नये. का बोलू नये? आधी ऐका तर खरे.

मला शिवले ते या घरातल्या धाकट्या सुनेने. तिचे सासरे सुऱ्यांची म्याने करत. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी सांगून टाकले, "ज्याचं म्यान आपल्या नेहमीच्या खाटकाला पटेल, खिडकीजवळची बैठक त्याची." बैठक म्हणजे सगळा धंदाच. थोरल्या मुलाने ती आपलीच धरली होती. "तिला काय जमणार? आरी बोटात घुसवून घेईल," असे तो सगळ्यांदेखत म्हणे.

तिचे पहिले म्यान फसलेच. शिवणीच्या कडेला, दोन चामड्यांच्या मध्ये, एक पट्टी घालायची असते, म्हणजे पाते दोऱ्याला लागत नाही. ती नेमकी पट्टीच विसरली. सुरी आत जाताच टाके तटातट तुटले. थोरला पोट धरून हसला. सासरे मात्र म्हणाले, "रडतेस काय? पट्टी घाल नि पुन्हा शीव."

मग माझा जन्म झाला. मेणाचा दोरा ओढून ओढून तिची बोटे सोलून निघाली. तिने मला भिजवले, खाटकाच्याच सुरीवर दाबून बसवले आणि सावलीत वाळवले. सुरी इतकी अलगद आत-बाहेर होऊ लागली की तिला हसूच फुटले. माझ्या वाट्याला आलेला आनंद तेवढाच.

ती पाणी भरायला गेली आणि थोरल्याने मला उचलले. त्याला माझ्यावर स्वतःचा शिक्का हवा होता. कोरड्या चामड्यावर शिक्का उठेना, म्हणून त्या उतावळ्याने मला बादलीत बुचकळले, शिक्का ठोकला आणि शेगडीवर धरले! होरपळले हो मी. आक्रसले, कडक झाले. तेव्हाच ठरवले, याचे उट्टे काढायचेच.

खाटीक आला. "हे घ्या माझं म्यान," म्हणत थोरल्याने सुरी जोर लावून आत दडपली. धाकटी पांढरीफटक पडली. "मामंजी, अहो, ते मी शिवलंय!"

"शिक्का बघ आधी," थोरला गुरकावला.

खाटकाने मूठ ओढली. मी दात आवळले. थोरल्याने ओढली, गुडघा लावून ओढली, घामाघूम झाला. मी सुरी सोडली नाही.

सासऱ्यांनी मला नाकाशी नेले. करपल्याचा वास लपतो थोडाच? "मधली पट्टी कशाची घातलीस रे?" त्यांनी विचारले.

"ह्याच चामड्याची. आणखी कशाची?"

"माझ्या जुन्या चपलेचा पट्टा आहे तो," धाकटी म्हणाली. "लाल."

सासऱ्यांनी आरीने माझे टाके उसवले. लाल पट्टा सगळ्यांसमोर बाहेर लोंबला. मी फाटले, पण काय सांगू, मित्रांनो, फाटताना मजा आली!

"माझं नवं म्यान हीच शिवेल," खाटीक म्हणाला, आणि बैठक धाकटीला मिळाली. मला तिथेच खिळ्याला टांगले, शिक्का दिसेल असे. आणि रोज मला तेल लावण्याचे काम सासऱ्यांनी थोरल्याला दिले.

तर मित्रांनो, चामड्याला आगीपासून जपा, वेळच्या वेळी तेल द्या. त्याने ते मऊ राहते. थोरला मला तेल चोळता चोळता म्हातारा झाला. परवा कुणी नाही बघून हळूच म्हणाला, "आता तरी मऊ हो की गं बाई."

मी नाही झाले.