कोणतेही काम

“सव्वीस अर्ज झालं! एकाचं तरी उत्तर आलं का?” मायाने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. “लावा सम्राटला.”

नागसेन बिचकला. दूध भुकटीच्या ज्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं बॉयलर चालवला, तो सहा महिन्यांपूर्वी परराज्यात गेला होता. त्या जुन्या कारखान्यात त्याच्या हाताखाली शिकलेला सम्राट आता कुरकुंभला एका कंपनीत सुपरवायझर होता. शिकवलेल्या पोराकडे नोकरी मागणं नागसेनच्या जिवावर आलं होतं. पण मायापुढे आजवर त्याचं कधी चाललंय!

“जयभीम मामा! तुमच्याच फोनची वाट बगत हुतो,” सम्राट म्हणाला. “जागा निघालीय आमच्याकडं. बायोडाटा धाडा.”

बायोडाटा गेला आणि पाच मिनिटांत सम्राटचाच फोन आला.

“मामा, ह्ये काय? वर ठळक अक्षरात ‘मिळेल ते कोणतेही काम करण्यास तयार’! मंग कबड्डी, रक्तदान, विहाराची कमिटी. आन् बॉयलर तिसऱ्या पानाव, एका वळीत?”

“म्हनलं, लवकर घेत्याल.”

“कोनतंबी काम म्हननाऱ्याच्या हातात बॉयलर कोन देनार? नव्यानं लिवू. आमाला काय पायजेल तेवढंच. सांगा, किती टनाचा हुता?”

माया वही घेऊन बसली. नागसेन आधी चाचरत, मग घडाघडा सांगू लागला. सहा टनाचा, साडेसतरा किलो प्रेशर. बोलता बोलता गडी उठून उभाच राहिला.

“एकदा बॉयलरातलं पानी दावनारी काच रिकामी दिसली, तवा म्या आदी जाळ तोडला. पानी न्हाई सोडलं. लाल झालेल्या लोखंडाव गार पानी पडलं असतं तर समदेच उडालो असतो!”

“ह्येच लिवा मामी!” सम्राट फोनवरून ओरडला.

मायाने लिहिलं आणि नवऱ्याकडे बघतच राहिली. बावीस वर्षं तिने डबा भरून दिला होता, पण यातलं अवाक्षर तिच्या कानावर आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कुरकुंभला मुलाखतीत कंपनीच्या साहेबांनी नव्या एकपानी बायोडाटावर बोट ठेवून नेमका तोच प्रसंग विचारला. नागसेनने तो इतका रंगून सांगितला, की साहेबांचा चहा निवून गेला.

“माणूस पसंत आहे,” साहेब म्हणाले. “पण तुमचा सुपरवायझर तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्याचं ऐकावं लागेल. जमेल?”

दाराशी उभा असलेला सम्राट फरशीकडे बघू लागला.

“जमंल की सायेब! निम्मं म्या शिकिवलं, तितनं फुडचं त्यो सोता शिकला. आता म्या शिकीन.”

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘वरिष्ठांचे नाव’ या रकान्यापाशी नागसेनचं पेन जरासं थांबलं. मग त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: श्री. सम्राट ओव्हाळ. त्यातलं ‘श्री.’ त्याने जरा मोठंच काढलं.