भरल्या दिवसापासून

"वाकेशो म्वान्दोए आपणच का?"

असा तो फोनवरचा आवाज होता. पोरसवदा, गोड, नैरोबीकडचा. त्याला चार वर्षं होऊन गेली. पण मुलींच्या शाळेच्या स्वयंपाकघरात वाकेशो उगालीच्या मोठ्या पातेल्यात लाकडी दांडका फिरवायला लागली, की मक्याच्या पिठाच्या वाफेबरोबर तो आवाज अजून वर यायचा.

"तुमच्या नावावर अठ्ठावीसशे शिलिंग आहेत, ताई. फोनवरून घेतलेले. दोन वर्षं झाली त्याला."

"मी? मी कशाला घेऊ? माझ्या फोनला धड बटणं नाहीत."

त्या मुलीनं मग एक फोननंबर वाचून दाखवला. शेवटचे तीन आकडे कानावर पडले आणि वाकेशोचा दांडका पातेल्यात उभाच राहिला. नंबर रिघाचा होता. तिच्या धाकट्या भावाचा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ही सत्तावीसची; तेव्हापासून त्याची आई म्हणा, बाप म्हणा, हीच. तो दूरच्या शाळेत राहायला निघाला तेव्हा सोळाचा होता. अठरा भरल्याशिवाय ओळखपत्र मिळत नाही आणि ओळखपत्राशिवाय सिमकार्ड. म्हणून तिनं आपलं ओळखपत्र दुकानदारापुढे ठेवलं आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. वस्तीत सगळेच तसं करत. थोरल्यांच्या नावावर धाकट्यांचे फोन वाजत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"तुम्ही घेतले नसतील तर पोलिसात सांगा," आवाज म्हणाला. "कार्ड कोण वापरतं त्याची चौकशी होईल."

त्याच आठवड्यात रिघाला मोंबासाच्या एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागायची होती. फक्त पोलिसांचा दाखला यायचा राहिला होता.

"थांब गं बाई," वाकेशो म्हणाली. "माझेच आहेत ते. विसरले होते."

"मग भरून टाका हं, ताई. नाहीतर नाव खराब होतं."

फोन बंद झाला तेव्हा उगाली तळाला लागली होती. त्या दिवशी चारशे मुलींनी करपट वासाची उगाली खाल्ली. वाकेशोच्या हातून चौदा वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

तेव्हा भरायला पैसे नव्हते. रिघाच्या ड्रायव्हिंगच्या शाळेची फी नुकतीच गेली होती. तिनं म्घोईला विचारलं. म्घोई तिच्याबरोबर चूल सांभाळणारी, वयानं थोरली, तोंडानं त्याहून थोरली.

"कशाला भरतेस?" म्घोई घेवड्यातले खडे वेचत म्हणाली. "पाच वर्षं गप बस. डाग आपला आपण जातो. माझ्या जावयाचा गेला की."

"आपला आपण?"

"कपड्याचा नाही जात, कागदाचा जातो. कागद लोकांचा असतो, लोक विसरतात."

मग वाकेशो गप्प बसली. आवाजाचे फोन येत राहिले, मग विरळ झाले, मग थांबले. ते थांबले तेव्हा तिला वाटलं, विसरले. चुलीमागच्या भिंतीवर दर डिसेंबरात ती कोळशानं एक रेघ ओढी. शाळेला सुट्टी लागली की भिंतीला चुना बसे आणि रेघ पुसली जाई. पण तिच्या मनात ती असे. एक, दोन, तीन, चार.

चौथ्या वर्षी घायपाताच्या मळ्यानं आपल्या मजुरांची जुनी चाळ विकायला काढली.

वाकेशोची आई त्या मळ्यात घायपात कापायची. पात्यांच्या काट्यांनी तिचे हात असे झाले होते, की ती डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा केस अडकायचे. चाळीतली शेवटची खोली तिची. त्याच खोलीत ती गेली, त्याच खोलीत रिघा वाढला. पत्रे तापत, भिंत पोपडे टाकी, दारापुढे एक पपई. मळ्याच्या साहेबानं सांगितलं, राहणाऱ्यांना पहिला मान. खोलीमागे अडीच लाख शिलिंग, महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. नंतर सगळी चाळ वोई शहरातला एक कंत्राटदार घेणार होता. त्याला गोदामं बांधायची होती.

अडीच लाख कुणाकडे असतात? पण शाळेत पक्की नोकरी, दरमहा पगाराची पावती. शेजारच्या दोघांना बँकेनं दिलेच की. वाकेशोनं तेवीस हजार साठवलेले होते. पावत्या घेतल्या, ओळखपत्र घेतलं, चर्चला जायचा निळा झगा घातला आणि मंगळवारी सकाळची पेज वाढून झाल्यावर म्घोईच्या हाती दांडका दिला.

"जा, घरमालकीण होऊन ये," म्घोई म्हणाली आणि पातेल्यावर वाकून गाऊ लागली. कामात तिला गाणं लागे, आणि गाण्यात कुणाला तरी चिमटा.

"भाऊ गं माझा मोठा, त्याची गाडी वाटेवर,
धूळ उडते गाडीची, माझ्या वाळत्या धुण्यावर."

"माझ्या भावाला मधे आणू नको," वाकेशो हसत म्हणाली.

"मी कुठं आणला? तो स्वतःच येतो, तुझ्याकडे जेवायच्या वेळेला."

बँकेत चाओ नावाची मुलगी होती. वाकेशोनं तिला ओळखलं नाही, पण चाओनं तिला ओळखलं. "मावशी, मी तुमच्या हातची उगाली चार वर्षं खाल्लीय. तुम्ही मला तळाची खरवड काढून द्यायच्या." वाकेशोला एवढं बरं वाटलं, की तिनं खुर्चीला पाठ टेकली. चाओनं पावत्या पाहिल्या, मान डोलावली. मग ओळखपत्राचा आकडा यंत्रात घातला आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"मावशी, इथे एक जुनं कर्ज दिसतंय."

"अठ्ठावीसशे," वाकेशो लगेच म्हणाली. "माहीत आहे मला. सहा वर्षं झाली घेतल्याला, चार वर्षं मला कळल्याला. पाच वर्षांनी जातं ना ते? म्हणजे गेलं असेल, किंवा जाईलच आता."

चाओनं खुर्ची जवळ ओढली. डॉक्टर तसे जवळ येतात तेव्हा काहीतरी असतं, हे वाकेशोला आईच्या वेळेपासून ठाऊक होतं.

"पाच वर्षं खरी आहेत, मावशी. पण ती भरल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही भरलंच नाही ना? मग मोजायला सुरुवातच झालेली नाही."

"मी चार वर्षं मोजली."

"हो. पण त्यांनी नाही मोजली."

"मग ती चार वर्षं कुठं गेली?"

 चाओनं टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलं त्या दिवशी भरले असते, तर पुढच्या वर्षी सुटल्या असत्या. आता व्याजासकट सहा हजार चारशे झालेत."

"आत्ता भरते. इथंच. मग?"

"मग आजपासून पाच वर्षं. भरलेलं दिसेल, पण उशिरा भरलं हेही दिसेल. आमचे साहेब नवं घरकर्ज देताना तेच बघतात. मी विचारून आले असते तुमच्यासाठी, पण... काल अशाच एका मास्तरांना नाही म्हटलंय त्यांनी."

"तू विचार तरी."

चाओ आत गेली. काचेपलीकडे ती उभी राहून बोलत होती. साहेब वाकेशोकडे न बघता मान हलवत होता. चाओ परत आली तेव्हा तिचा चेहरा खरवड न मिळालेल्या मुलीसारखा झाला होता.

वाकेशोनं तरीही सहा हजार चारशे भरले. साठवलेल्या तेवीस हजारांतून मोजून काढले, चाओनं तिच्या फोनवर आकडे दाबून दिले. फोन थरथरला. "काय म्हणतोय?" "आभार मानतायत, मावशी." वाकेशोनं बोटांवर हिशेब केला. सत्तेचाळीस आणि पाच. बावन्नाव्या वर्षी तिचं नाव स्वच्छ होणार होतं.

म्घोईनं संध्याकाळी सगळं ऐकलं. म्हणाली, "माझ्या जावयानं भरले असतील गं आधी. मला कुठं सांगतो तो मेला." मग आपल्याच कपाळावर मारून घेतलं, आणि घेवडा निवडायला बसली. त्या दिवशी ती गायली नाही.

रविवारी रिघा आला. स्वतःची गाडी घेऊन. भाड्यानं माणसं नेणारा चौदा जणांचा मटाटू, पिवळा पट्टा, काचेवर चांदीच्या अक्षरांत देवाचं नाव. वस्तीतल्या बायका दारात आल्या. गाडीत मागच्या बाकावर त्याच्या बायकोची धाकटी बहीण बसली होती, खिडकीतून पपईकडे बघत.

"ताई! चहा टाक. गाडी बघितलीस? बँकेतला साहेब उठून उभा राहिला माझ्यासाठी. म्हणाला, रिघा, तुझं नाव धुतल्या तांदळासारखं आहे, कुठं एक डाग नाही. सही कर आणि चावी घे."

"बघितली," वाकेशो म्हणाली. "छान आहे. बस."

तिनं चहात दूध जास्त घातलं, त्याला आवडतं तसं. भाकरीसारखी जाड चपाती पुढे ठेवली. खाता खाता त्यानं विचारलं.

"घराचं काय झालं मग?"

"नाही झालं. माझ्या नावावर जुनी उधारी निघाली."

रिघा एवढ्या जोरानं हसला की चहा सांडला. "तुझ्या? अगं, मीठ उसनं आणलंस तर दुसऱ्या दिवशी वाटी शिगोशीग भरून परत करतेस तू! किती होती?"

"अठ्ठावीसशे."

"एवढ्याशा पैशासाठी घर घालवलंस? त्यात माझा एक टायर येत नाही! ताई, तुला सांगतो, ही आपली माणसं अशीच. वेळेवर भरायचं नाही आणि मग बँकेला शिव्या. माझ्याकडे बघ."

"बघतेय. रिघा, तुझ्या नावावर घेशील हे घर? हप्ता मी भरीन. माझा पगार सगळा."

त्याचा घास थांबला. "आत्ता? गाडीनं मानेपर्यंत आलोय मी. आणखी एक शिलिंग देणार नाहीत."

"तीस तारखेला जातंय."

"मग मोंबासाला ये. मागं सामानाची खोली आहे, ती रिकामी करतो. पोरांकडे बघायला कोणीतरी हवंच आहे आम्हाला." तो प्रेमानं बोलत होता, त्याच्या आवाजात खोट नव्हती. तेच ऐकायला जड होतं. "बरं ऐक, ताई, निघायचंय मला. तुझं ओळखपत्र दे जरा. हिच्या बहिणीला कार्ड घ्यायचंय, अजून अठराची झाली नाही पोरगी. बाजारात दोन मिनिटांचं काम आहे."

वाकेशो उठली. पाय आपले आपण पेटीकडे गेले. हातानं झाकण उघडलं, ओळखपत्र काढलं. फोटोतली ती अजून तरुण होती. बाहेर गाडीतल्या मुलीनं खिडकीची काच खाली केली.

वाकेशो ओळखपत्र हातात धरून तशीच उभी राहिली.

"दे ना."

"नाही देत."

"काय झालं?"

"ते अठ्ठावीसशे तू घेतले होतेस." तिचा आवाज वाढला नाही, चारशे ताटांवरून हाका मारणारा तो आवाज आज खोलीच्या उंबऱ्यापर्यंतही गेला नाही. "सहा वर्षांपूर्वी, जूनमधे. ते तपकिरी बूट घालून आलास त्याच आठवड्यात. मी विचारलं कुठून आणलेस, तर मित्रानं दिले म्हणालास. तुझा पोलिसांचा दाखला यायचा होता तेव्हा कर्जवाल्या कंपनीचा फोन आला. मी त्यांना सांगितलं, माझेच आहेत."

रिघानं चपातीचा तुकडा ताटात ठेवला. 

"मी तर ते कार्ड फेकून दिलं होतं, ताई. मोंबासाला जाताना, पुलावरून. मला वाटलं, कार्डाबरोबर तेही गेलं."

"कार्ड तू फेकलंस," वाकेशो म्हणाली. "नाव माझं होतं."