मागच्या सीटवरची साथ

लग्नाच्या पहिल्याच वर्षी वहिनी यजमानांच्या मोटरसायकलवर मागे बसून टेकडीवरच्या प्रार्थनाघरात निघाल्या, आणि चौथ्या वळणावर त्यांना खाली उतरावं लागलं. पुढे तो नेमच पडला. तीन वळणं गाडी दोघांना ओढायची, चौथ्याला तिचा जीव घशाशी यायचा. मग वहिनींनी चालायचं आणि यजमानांनी रिकामी गाडी वर नेऊन वाट बघत थांबायचं. वळणावर एक मोठा दगड होता. त्यावर वहिनी दम खायला बसायच्या.

"तुझ्या बसण्यानं दगड गुळगुळीत झाला गं," यजमान म्हणायचे.

"दगडालासुद्धा सुधारावंसं वाटलं," वहिनी म्हणायच्या. "तुमच्या गाडीला काही वाटलं नाही."

आता गाडी म्हातारी झाली होती आणि वहिनींचे गुडघेही. ती शेवटची चढण त्यांना पायी झेपेना, म्हणून प्रार्थनाघर सुटलं होतं. त्या याबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत. नुसत्या दर रविवारी सकाळी खिडकीशी उभ्या राहून टेकडीकडे बघायच्या. तेवढं यजमानांना पुरलं. त्यांनी इंजिन उतरवलं.

त्यांचं गॅरेज घराच्याच पुढच्या खोलीत होतं आणि सारी आळी त्यांना कानसेन म्हणायची. गाडी कोपऱ्यावर वळत असतानाच ते आतून सांगायचे, हिची चेन सैल आहे, हिचा वॉल्व्ह जळलाय. पान्याला हात लागायच्या आधी निदान तयार. त्यांनी टेबलावर जुनी चादर पसरली, बोल्ट न बोल्ट मोकळा केला, झिजलेला सिलिंडर कोरून घेतला. बसक्या डोक्याचा जुना पिस्टन जाऊन उंच डोक्याचा आला. तो पेट्रोल-हवेला जास्त आवळून दाबणार होता. हवा आत यायची वाट त्यांनी घासून घासून आरशासारखी केली आणि तिच्या तोंडाशी मोठा कार्ब्युरेटर बसवला.

"इतक्या निगुतीनं तुम्ही कधी ताट पुसलं नाहीत," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ताटानं मला कधी टेकडीवर न्यायचं नव्हतं."

समोरचा टायरवाला चहाचा पेला घेऊन रोज हजेरी लावायचा. "म्हातारीला या वयात पळायला लावताय?" त्यानं विचारलं.

"पळायला नाही, चढायला. येत्या रविवारी आमच्या हिचा पाय थेट प्रार्थनाघराच्या पायरीला लागेल. मध्ये कुठंही नाही."

"आणि मध्येच लागला तर?"

"तर पाना खाली ठेवीन. कायमचा."

टायरवाल्याचा पेला अर्ध्यावर थांबला. वहिनींनी आतून ऐकलं आणि हातातलं काम टाकून त्या दाराशी आल्या. यजमान एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरवायचे नाहीत, आणि पान्याशिवायचा हा माणूस म्हणजे पाण्याशिवायचा मासा.

शेवटचं काम टायमिंगचं. या जुन्या गाडीच्या हँडलवर डाव्या हाताशी एक छोटी दांडी होती. ती पुढे ढकलली की इंजिनात ठिणगी लवकर पडायची, मागे ओढली की उशिरा. ठिणगी योग्य तितकी लवकर पडली तर जोर मिळतो. फारच लवकर पडली तर पिस्टनच्या डोक्यावर घण बसतात आणि एखाद्या चढावर त्याला भोक पडतं. कानसेनची रीत सोपी होती. चढावर दांडी पुढे पुढे न्यायची, इंजिनातून बारीक टिणटिण ऐकू आली की थांबायचं, आणि केसभर मागे यायचं. आयुष्यभर त्यांनी साऱ्या जुन्या गाड्या अशाच लावल्या होत्या.

शनिवारी सकाळी ते वहिनींना मागे बसवून दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन आले. जाताना दांडी पुढे ढकलत राहिले, आणखी, आणखी, शेवटाला टेकेपर्यंत.

"काय इंजिन झालंय!" दारात उतरताना ते म्हणाले. "दांडी संपली, पण हिची तक्रार नाही. जोर थोडा कमी वाटतो, तो कार्ब्युरेटरचा दोष. संध्याकाळपर्यंत काढतो."

 पत्र्याच्या डब्यात कुणी सुया हलवाव्यात तसा आवाज वहिनींनी पहिल्या वळणापासून ऐकला होता. त्यांना वाटलं होतं, हेही ऐकताहेत.

वहिनींचा कान काही साधा नव्हता. प्रार्थनाघरातले वृद्ध प्रवचनकार गाऊन प्रवचन करायचे आणि वहिनी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे उभं राहून साथ करायच्या. उतारवयात त्यांचा स्वर ढळू लागला तेव्हा वहिनी मागून तोच स्वर हलकेच धरून ठेवायच्या. चारचौघांत चूक दाखवायची नाही. स्वर द्यायचा, माणूस आपोआप त्याच्यावर येतो. पण पिस्टन काही प्रवचन नव्हतं. इथं आडून सुचवण्याइतकी सवड नव्हती.

"अहो, गाडी चढावर टिणटिणत होती."

"छे. मी होतो ना."

"तुम्ही होतात. पण ऐकू मला आलं."

कानसेन हसले. "अगं, तू स्वरातली जाणती. इंजिनातलं माझ्यावर सोड."

"सोडते. एवढंच सांगा, खिडकीतल्या चिमण्या कधीपासून गप्प आहेत?"

"झाले की बरेच महिने. यंदा ओरडतच नाहीत."

"आत्ता ओरडताहेत."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. गजावर दोन चिमण्या बसल्या होत्या आणि दोघींच्या चोची उघडझाप करत होत्या. त्यांनी कानामागे तळवा धरला.

"ठीक आहे," मग ते जरा ताठ होऊन म्हणाले. "तुझं नको, माझंही नको. प्लग खोटं बोलत नाही."

त्यांनी इंजिनातून ठिणगी पाडणारा प्लग काढला, चष्मा नाकावर ओढला आणि प्लग खिडकीच्या उजेडात धरला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके होते, मिठाच्या कणाहून बारीक.

"काय आहे ते?" वहिनींनी विचारलं.

"पिस्टन." त्यांचा आवाज खाली आला. "त्याच्या डोक्याचे कण उडून इथं बसलेत. उद्या चौथं वळण काही दिसलं नसतं. आणि मी दांडी पुढेच ढकलत होतो. टिणटिण येईना म्हणून."

ते स्टुलावर बसले आणि हातातला पाना त्यांनी टेबलावर ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. वहिनींनी तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"शब्द चौथ्या वळणाचा होता. ते अजून आलेलं नाही."

"मी टायमिंग लावू कसं? ज्यावर सगळं होतं ते बारीक ऐकणंच गेलं."

"मी मागे बसणार आहे ना? का नुसतं ओझं म्हणून नेताय?" वहिनींनी त्यांच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. "टिणटिण आली की असं करीन. गेली की बोट उचलीन. दांडी किती मागे घ्यायची ते तुमच्या हाताला कळतं, मला नाही."

"आळी काय म्हणेल?"

"म्हणेल, नवरा बायकोच्या तालावर चालतो. यात आळीला नवीन ते काय?" मग त्यांचा सूर मऊ झाला. "देवानं आपल्याला दोघांत मिळून चार कान दिले. दोन थकले. उरले की अजून."

कानसेननी पिस्टन काढून पाहिला. डोक्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे होते, पण उथळ. त्यांनी ते घासून गुळगुळीत केले आणि इंजिन पुन्हा बंद केलं. कार्ब्युरेटरला हातही लावला नाही.

रविवारी ऊन छान पडलं होतं. पहिल्या चढाला टिणटिण उठली आणि वहिनींचं बोट खांद्यावर वाजलं. कानसेननी दांडी मागे घेतली. बोट चालूच. आणखी मागे घेतली. बोट थांबलं, आणि त्याच क्षणी गाडीचा आवाज भरदार झाला, जणू कुणी तिच्या पाठीवर थाप मारली.

"अगं, जोर वाढला की!" ते मान वळवून ओरडले. "कार्ब्युरेटरचा दोष नव्हताच. ठिणगी लवकर पडून स्वतःच्याच पायात पाय घालत होती."

"पुढे बघा. आणि बोलू नका, ऐकू येत नाही मला."

दुसरं वळण गेलं, तिसरं गेलं. आता कानसेनचा डावा हात त्या बोटाची वाट बघेनासा झाला. बोट उठायच्या बेतात आलं की दांडी हलायची. वहिनींना प्रार्थनाघरातले ते जुने रविवार आठवले, जेव्हा प्रवचनकारांनी श्वास घेतला की पुढचा स्वर कुठला ते पाठीवरूनच कळायचं.

चौथ्या वळणावरच्या दगडावर टायरवाला बसला होता. साक्षीला म्हणून बिचारा सकाळीच चढून आला होता आणि अजून धापा टाकत होता. गाडी वळणाला भिडली. तिचा वेग उतरला, आणखी उतरला, आणि टिणटिण आली. बोट वाजलं. कानसेननी दांडी केसभर मागे घेतली, एक गिअर खाली टाकला आणि रेसची मूठ धीरानं, लोणी कापावं तशी पिळली. इंजिनानं एक खोल श्वास घेतला आणि ते दोघांनाही घेऊन वळणातून बाहेर पडलं.

"वहिनी, जागा धरून ठेवली होती तुमच्यासाठी," टायरवाला ओरडला.

"आता तुम्हालाच लखलाभ," वहिनी म्हणाल्या. त्यांचे पाय गाडीवरच होते.

वर पोहोचल्यावर त्या थेट पायरीवर उतरल्या. आत गाणं सुरू झालं होतं. तरी दोघं थोडा वेळ बाहेरच थांबले, कारण कानसेनना प्लग काढून बघायचा होता. तो स्वच्छ निघाला, एकही ठिपका नव्हता. त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, मगच आत गेले.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकानं घरघरणारी स्कूटर दारात आणली. टायरवाला चहा घेऊन निदान ऐकायला उभाच होता. कानसेननी डोकं कलतं केलं, क्षणभर तसेच राहिले, मग घरात हाक मारली.

"अगं, बाहेर ये जरा. खालच्या स्वरातलं मला ऐकू आलं, बेअरिंग गेलंय. वरच्या स्वरातलं काही आहे का सांग."

टायरवाल्यानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं. वहिनी हात पुसत आल्या आणि यजमानांच्या मागे उभ्या राहिल्या. मग खिडकीकडे बघून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"ऐकू देत नाहीत मेल्या," त्या म्हणाल्या. "हं, करा चालू."