पाटीच्या पलीकडे

लोक उपास करायला लागले की प्रभाला सुट्टी मिळायची. श्रावण आला, गणपती बसले, बायकांनी मार्गशीर्षातले गुरुवार धरले, की डहाणूच्या मासळी बाजारात माशा मारत बसण्यापेक्षा वरोरला घरी बसलेलं बरं. आणि लोकांना सुट्टी मिळाली की हिच्या कंबरेचे काटे ढिले व्हायचे. अशा बाईने जन्माला यावं तरी कधी? तर एकतीस डिसेंबरला. सगळ्या डहाणूला, वर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना, एकदमच मासे खायचे असतात, नेमकं त्याच दिवशी!

तरुणपणी तिला याचं काही वाटलं नाही. वाढदिवस म्हणजे मास्तरांच्या नि रेल्वेवाल्यांच्या घरातलं खूळ. पुढे स्वतःची नातवंडं केक कापायला लागली तेव्हा ती टाळ्या वाजवायची आणि मनात म्हणायची, मोठं होण्यात कसला आलाय पराक्रम, कोणीही होतं. पण पन्नाशी उलटली नि काय झालं कोण जाणे. एकतीस तारीख जवळ आली की तिला उगीच हुरहूर लागायची. आपल्याला कोणी काही म्हणेल का, असं वाटायचं. कोणी म्हणत नव्हतं, कारण सगळ्यांना बाजाराची घाई असायची, आणि सगळ्यांत जास्त घाई तिलाच.

यंदा साठ वर्षं पुरी होणार होती, आणि सून निलमने आदल्या संध्याकाळी फर्मान काढलं.

"आई, उद्या तुम्ही बाजारात यायचं नाही. वाढदिवस आहे तुमचा. मस्त आराम करा. तुमचा लेक केक आणणार आहे."

"एकतीसला तू एकटी? येडी झालीस काय गो? चेंगरून जाशील!"

"नाही चेंगरत. तुमचे गुडघे बघा आधी."

गुडघ्यांपुढे प्रभाने हार मानली.

सकाळी टेम्पो आला. त्यात निलम चढली, बर्फाचे खोके चढले आणि प्रभाची माशांची पाटीही चढली. प्रभा ओटीवर चहाचा कप घेऊन बसली. अंगणात तिचा नवरा प्रल्हाद जाळं शिवत होता.

"अहो, आराम करायचा म्हणजे नक्की काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"काही नाही करायचं."

"तेच तर जमत नाही मला."

प्रल्हाद हसला. "मला बोटीवरून उतरवलं तेव्हा पण सगळे हेच म्हणाले. आराम करा, बाबा. मग माझ्या जागी दुसरा चढला, तो चढलाच."

तो सहज बोलून गेला, पण प्रभाला बाजारातली स्वतःची जागा आठवली. ती जागा तिला तिच्या सासूने दिली होती. असंच एकदा, तब्येत बरी नाही, आजच्या दिवस तू जा, म्हणून. त्यानंतर सासू बाजारात पुन्हा बसलीच नाही. आजच्या सुट्टीला उद्याची सुट्टी चिकटली तर? वाढदिवसाच्या नावाखाली पोरांनी आपल्याला गोडीगुलाबीने निवृत्त तर नाही केलं? तिने अर्धा चहा तसाच ठेवला आणि लुगडं बदललं.

"कुठे निघालीस?"

"पोरीला जमतंय का बघून येते."

हे अर्धं खोटं होतं. पोरीला जमत नसावं अशीच तिची मनातून इच्छा होती. माणूस साठीला आला म्हणून शहाणा होतोच असं नाही.

रिक्षातून उतरून ती बाजारात शिरली तर मुंगीला वाट नव्हती. आणि निलमला जमत होतं. चांगलंच जमत होतं. एका हाताने कोळंबी मोजत होती, मधेच एका बाईशी फाडफाड गुजराती बोलत होती, आणि ढाब्यासाठी मासळी न्यायला आलेल्या तलासरीच्या माणसाला, "भाऊ, लाइनमधे या," म्हणून दम भरत होती. सुनेने आपलं नाव राखलं म्हणून प्रभाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण आधी पोटात दुखलं.

मागून रेटा आला आणि ती ढकलत ढकलत थेट पाटीसमोर जाऊन पोचली. निलमची मान खाली होती, हात सुरमईत होते; समोर तिला लुगड्याचा काठ तेवढा दिसला, आणि त्या गोंगाटात आवाज ओळखू येणं शक्य नव्हतं.

"बोला मावशी, काय देऊ?"

हा प्रश्न प्रभाने उभ्या जन्मात किती लोकांना विचारला असेल, देव जाणे. तिला मात्र कोणी विचारला नव्हता. पाटीत जे उरेल ते घरी जायचं, चेपलेले बोंबील, मोडकी करंदी, बोटाएवढी मांदेली. तेच तिचं जेवण. चांगलं पापलेट घरी परत आलं, तर त्या दिवशी धंदा बसला म्हणून सगळ्यांची तोंडं उतरायची. आणि आता समोर बर्फावर एक पापलेट पडलं होतं, ताटभर रुंद, चांदीसारखं.

"ते मोठं कसं दिलं?"

"बाराशे."

"नऊशेला दे."

"मावशी, नऊशेत आज त्याचा फोटो पण मिळायचा नाही."

शेजारच्या पाटीवरची सोनीबाई फिसकन हसली. ती प्रभाच्या बाजूला बसून म्हातारी झालेली, तिने केव्हाच ओळखलं होतं. निलमने मान वर केली आणि तिचा हात थांबला.

"आई! तुम्ही इथे? घरी काय झालं?"

"काही नाही झालं. गिऱ्हाईक आहे मी." प्रभाला पुढचं हसत विचारायचं होतं, पण ते जमलं नाही. "एक सांग फक्त. उद्या इथे कोण बसणार?"

"उद्या? उद्या तुम्ही! माझी कंबर मोडलीय, मी दुपारपर्यंत उठणार नाही." मग सासूचा चेहरा बघून निलमच्या डोक्यात उजेड पडला. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मी फक्त आजचा दिवस मागितला होता. तुमची जागा नव्हती मागितली."

प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही, गर्दीत कोण बघतंय.

"सासू-सुनेची मालिका घरी जाऊन करा गो," सोनीबाई ओरडली. "माणसं खोळंबलीत!"

प्रभाने कमरेची पिशवी सोडली आणि बाराशे पुढे केले. निलम घेईना.

"घे. धंद्यात नातं आणायचं नाही, काय शिकवलंय मी तुला?"

निलमने पैसे कपाळाला लावून घेतले, पापलेट उचललं आणि कोयता हातात घेतला. "किती तुकडे करू?"

घरात पापलेट आलंच तर त्याचे माणशी एक असे तुकडे व्हायचे, आणि प्रभाच्या ताटात शेपटी यायची.

"तुकडे नको. साफ कर नि अख्खंच दे."

"अख्खं?" सोनीबाईने मान लांब केली. "एवढं कोण खाणार गो?"

"मी खाणार," प्रभा म्हणाली, आणि बाजारात भाव सांगतात तेवढ्या मोठ्याने तिने पुढचं सांगून टाकलं. "आज माझा वाढदिवस आहे!"