होगि बर्तारु

“राजण्णाच हा.” धनलक्ष्मीअम्मांनी शलाकाचा मोबाइल नाकाशी नेऊन फोटो न्याहाळला. “कानाच्या पाळीला चीर आहे बघ की. नाव काय, कुणीपण बदलतं. कान कुठनं बदलणार?”

उमाकांत समोरच्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. फोटोतल्या माणसाचं खरं नाव नागनाथ, आणि ते उमाकांतांचे वडील. ब्याऐंशी वर्षांच्या या मुलानं वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. बेचाळीसच्या ऑगस्टात तारा तोडल्या म्हणून पोलीस मागे लागले आणि नागनाथ निपाणीजवळच्या आपल्या गावातून भूमिगत झाले, तेव्हा उमाकांत आईच्या पोटात होते. वडील बंगळूरला कुणाकडे तरी लपलेत एवढंच घरी कळलं. पुढे देश स्वतंत्र झाला, तुरुंगातली माणसं हारतुरे घालून घरोघर आली, पण यांच्या दारी कुणी आलं नाही.

शलाका ही उमाकांतांची मुलगी, बंगळूरमधल्याच महादेवपुऱ्यात नोकरीला. तिनं जुन्या बंगळूरच्या एका व्हॉट्सअॅप गटावर आजोबांचा फोटो टाकला आणि उत्तर आलं ते बसवनगुडीतूनच, धनलक्ष्मीअम्मांकडून, उमाकांतांच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरून. या घरावरून ते नोकरीला लागल्यापासून भाजी आणायला जात होते.

उमाकांतांना शोध लागायला हवा होता आणि शोधाची भीतीही वाटत होती. वडील गेल्याचं ठरल्याशिवाय मुलाला त्यांचं तर्पण करता येत नाही. ज्याचे वडील हयात आहेत त्याला गुरुजी ‘जीवत्पितृक’ म्हणतात, आणि उमाकांत या वयातही जीवत्पितृकच होते. गुरुजी त्यावरून थट्टाही करत. पण आपण डोळे मिटले की वडिलांना पाणी देणारं कुणी उरणार नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. आणि वडील तेव्हाच गेले असतील, तर आईनं जन्मभर लावलेल्या कुंकवाचं काय करायचं?

आई म्हणजे गोदाक्का. माहेर कागलकडचं, कन्नडचा गंध नाही. उमाकांत पाळण्यात असताना एक दिवस बंगळूरहून कुणी मास्तर आले. गोदाक्का सोडून घरची सगळी रानात होती. पोलिसांच्या भीतीनं मास्तर अंगणातच थांबले, कन्नडमधून दोन शब्द बोलले, गूळ-पाणी घेतलं आणि आल्या पावली परत गेले. सासू संध्याकाळी घरी आली तेव्हा सून हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, “त्यांचा निरोप आलाय. होगि बर्तारु.” म्हणजे जाऊन येतील. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, तशी ही कन्नड रीत. तेवढं तिला शेजारपाजारच्या बोलण्यातून कळत होतं.

बारा वर्षं उलटली तसे भाऊबंद जमले. दर्भाचा पुतळा करून क्रिया करावी, म्हणजे सगळे मोकळे होतील, असं त्यांचं म्हणणं. “मी करू देणार नाही,” गोदाक्का म्हणाली, “ते जाऊन येतील.” पुढं सरकार स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देऊ लागलं. तालुक्याचे साहेब घरी आले. विधवा म्हणून सही करा, बाकीचं आम्ही बघतो, असं म्हणाले. गोदाक्कानं त्यांना चहा पाजला आणि ताम्रपटाला नको म्हटलं. गावानं तिला वेड्यात काढलं. तिचं कपाळ मात्र कधी रिकामं राहिलं नाही.

“पुढं काय झालं, अम्मा?” उमाकांतांनी विचारलं.

“विषमज्वर झाला की राजण्णाला,” धनलक्ष्मीअम्मा म्हणाल्या. त्यांचं माहेर कन्नड, लग्नानंतर मराठी घरात आल्या, त्यामुळे बोलण्यात दोन्ही भाषांची खिचडी. “माझ्या माहेरी मागच्या खोलीत होता. दवाखान्यात कसं नेणार, बाहेर पोलीस. मी धा वर्षाची पोर, पाण्याच्या पट्ट्या बदलायची. तुळशीच्या लग्नादिवशी गेला. अंगणात ऊस बांधलेला, आवळ्याची फांदी आणलेली, आणि आत हे. आमच्या अप्पांनीच अग्नी दिला. माझा मुलगाच समजा, म्हणाले.”

उमाकांतांनी चष्मा काढून हातात धरला. शलाकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग अप्पाच सांगायला गेले तुमच्या गावाला. आल्यावर स्वल्प नाराज होते. माझ्या अम्माला म्हणाले, काय दगडाच्या काळजाची पोरगी गं! ‘होगिबिट्टरु’ म्हणून सांगितलं, तर हसली. गूळ आणून दिला. रडली नाही. ते मरेपर्यंत त्यांच्या मनातनं गेलं नाही बघ.”

होगिबिट्टरु. गेले, म्हणजे वारले. इकडच्या कन्नडमधला सभ्य शब्द. निपाणीकडं कुणी असं म्हणत नाही, तिथं ‘तीरकोंडरु’ म्हणतात. अंगणात उभ्या त्या कोवळ्या पोरीनं ‘होगिबिट्टरु’ ऐकलं, आणि तिला कळलं ‘होगि बर्तारु’.

“अम्मा, माझी आई दगड नव्हती हो,” उमाकांत म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

परतताना शलाका म्हणाली, “बाबा, बिचारी आजी! अख्खं आयुष्य एका गैरसमजावर काढलं तिनं.”

उमाकांत फुटपाथवरच थांबले. त्यांना काहीतरी आठवलं होतं आणि ते इतक्या उशिरा आठवल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला होता. सरकारी कारखान्यात इंजिनिअर झाल्यावर त्यांनी आईला इथं आणलं होतं. नवरा याच गावात आहे म्हणून ती आनंदानं आली. एक दिवस शेजारची कावेरी रडत दारात आली. “अज्जी, मावनवरु होगिबिट्टरु,” म्हणाली. तिचे सासरे गेले होते. कावेरी घरी परतल्यावर आईनं विचारलं होतं, “उमा, होगिबिट्टरु म्हंजे काय रे?”

“वारले, आई,” पेपरातून मान वर न करता त्यांनी सांगितलं होतं.

आई मटकन खाली बसली. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. शेजारच्या आजोबांवर हिचा एवढा जीव होता की काय, असं उमाकांतांना तेव्हा वाटून गेलं. तिसऱ्या दिवशी ती उठली, न्हाली, आरशासमोर बसून नेहमीसारखं कुंकू लावलं आणि पोळ्या करायला घेतल्या. ‘जाऊन येतील’ हे मात्र त्यानंतर तिच्या तोंडून कधी आलं नाही.

“तिला कळलं होतं, शलाका,” ते म्हणाले. “त्या दिवशीच कळलं होतं. आणि मी पेपर वाचत बसलो होतो.”

पितृपक्ष सुरू होता. आईचं श्राद्ध ते दर वर्षी अविधवा नवमीला करत. नवरा हयात असताना जी जाते, तिचा तो दिवस. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. नवमीच्या आदल्या दिवशी गुरुजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब लगेच लावला.

“कार्तिकी द्वादशीला गेले, म्हणजे या पक्षातली द्वादशी वडिलांची. आईंचं त्यांच्याबरोबरच होईल. उद्याची नवमी आता बंद. नवरा आधी गेल्यावर अविधवा कुठली?”

“नवमी व्हायचीच,” उमाकांत म्हणाले.

“अहो, पण शास्त्र...”

“गुरुजी, तिला विधवा करायला भाऊबंद आले, ते त्यांना जमलं नाही. सरकार आलं, सरकारला जमलं नाही. आता तिच्या मागं ते काम माझ्या हातून करून घेऊ नका.”

गुरुजी पन्नाशीचे, तसे हटवादी. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. स्वयंपाकघराच्या दारात उमाकांतांची बायको हेमलता उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, “सवाष्णीला सांगितलंय ना उद्याचं?”

“सांगितलंय,” हेमलता म्हणाली.

नवमी झाली. आणि तीन दिवसांनी, द्वादशीला, उमाकांत गॅलरीत पाटावर बसले. पुढ्यात ताम्हन, तांब्या, काळे तीळ. गुरुजी सांगत होते आणि ते मागून म्हणत होते. वडिलांचं नाव यायची वेळ झाली तेव्हा सवयीनं त्यांच्या तोंडून ‘अस्मन्मातरं’ गेलं.

“पितरं,” गुरुजी हळूच म्हणाले.

“अस्मत्पितरं,” उमाकांत म्हणाले, आणि अडले. ज्यांना त्यांनी कधी हाक मारली नव्हती, त्यांचं नाव आता तोंडून निघायचं होतं. हेमलता दाराशी आली. शलाकानं ऑफिसचा फोन वाजत होता तो बंद केला.

“नागनाथशर्माणं... स्वधा नमस्तर्पयामि.” अंगठ्याच्या बाजूनं तिळाचं पाणी ताम्हनात पडलं. एकदा, दोनदा, तीनदा.

पाणी तीनदाच द्यायचं असतं. उमाकांतांनी पुन्हा ओंजळ भरली आणि चौथ्यांदा वडिलांचं नाव घेतलं. गुरुजींनी त्यांना अडवलं नाही.